छोट्या कॉमेडी शोमध्ये नट म्हणून शिरायचं आणि टिकायचं कसं: नव्या लोकांसाठी पायरीपायरीने

आधी हे कोणासाठी आहे ते सांगते. एकट्याने माईक घेऊन उभं राहायचंय, स्टँडअप करायचंय, तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. चार-पाच जण मिळून साठ-सत्तर खुर्च्यांच्या जागेत तासाभराचा विनोदी शो करतात, त्यात स्किट्स असतील, छोटी एकांकिका असेल, नाहीतर प्रेक्षकांकडून शब्द घेऊन तिथल्या तिथे रचलेला इम्प्रोव्ह असेल, अशा शोमध्ये ज्यांना नट म्हणून काम करायचंय आणि मुख्य म्हणजे करत राहायचंय, त्यांच्यासाठी आहे.

नवीन लोक सगळ्यात जास्त विचारतात ते "विनोदी कसं व्हायचं". विचारा की, पण ऑडिशनला हसवणारे ढिगाने येतात हो. त्यातल्या कोणाला परत फोन जातो ते बघा. ज्याच्यासोबत उभं राहिलं की बाकीच्यांचे हशे वाढतात, जो वेळेवर येतो आणि ज्याच्या डोक्यात दुसऱ्यांची वाक्यं पण असतात, त्याला जातो. खालचं सगळं त्या दुसऱ्या फोनसाठी आहे असं धरून वाचा.

पायरी १: शो बघा, पण नीट बघा

ज्या ग्रुपमध्ये शिरायचंय त्यांचा एकच शो दोन-तीनदा बघा. पहिल्यांदा तुम्ही हसता आणि घरी जाता, शिकत काही नाही. दुसऱ्यांदा कडेची खुर्ची पकडा आणि स्टेज सोडून प्रेक्षकांकडे बघत बसा, लोक कुठे हसतात, कुठे खुर्चीत चुळबुळ करतात, कुठे फोनचा उजेड दिसायला लागतो. तिसऱ्यांदा अशा नटाकडे बघा ज्याच्याकडे त्या क्षणी वाक्यच नाहीये. चांगला नट तेव्हा ऐकत असतो, खरंच ऐकत असतो, आणि कच्चा नट आपली पुढची एंट्री मनात घोकत असतो, हे शेवटच्या रांगेतून पण दिसतं.

मग बॅकस्टेजचं काम मागा. प्रॉपर्टी म्हणजे स्टेजवरच्या वस्तू लावणं, म्युझिकचे क्यू म्हणजे कधी वाजवायचं त्याचे इशारे देणं, दारावर तिकिटं बघणं, काहीही. काही जणांना यात कमीपणा वाटतो, त्यांनी खुशाल वाटून घ्यावा, पण छोट्या ग्रुपमध्ये कोणी आजारी पडलं की दुपारी चार वाजता पहिला विचार त्याचाच होतो ज्याने शो विंगेतून बघितलाय. रिप्लेसमेंट म्हणून उभं राहणं ही या धंद्यातली नेहमीची एंट्री आहे. फ्रेड कार्नोच्या इंग्लिश कॉमेडी कंपनीत चार्ली चॅप्लिन मुख्य नट होता आणि स्टॅन लॉरेल त्याचा अंडरस्टडी, म्हणजे गरज पडली तर त्याच्या जागी उभा राहणारा, १९१० मध्ये दोघं एकाच ताफ्यातून अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. लॉरेल आणि हार्डी मधला लॉरेल हाच. तेव्हा दुसऱ्याची जागा भरायला आलोय म्हणून तोंड पाडून उभं राहू नका.

पायरी २: ऑडिशन आणि थोडं इम्प्रोव्ह

ऑडिशनबद्दल थोडक्यात. दिग्दर्शक तुमच्याकडून एकदा करून घेईल आणि म्हणेल, आता हेच परत कर पण हळू, आणि तुला याचा राग आलाय असं धरून. तो बहुतेक वेळा तुमचा राग बघत नसतो, सांगितल्यावर तुम्ही बदलता की नाही ते बघत असतो. दुसऱ्यांदा पण हुबेहूब पहिल्यासारखं करणारे खूप जण असतात, आणि त्यांना कळत पण नाही की काम तिथेच गेलं. समोर वाचणारा माणूस भले नट नसेल, सपाट आवाजात वाचत असेल, तरी त्याच्याकडे बघून बोला. मिमिक्रीची यादी घेऊन जाऊ नका, मागितली तर दाखवा.

इम्प्रोव्हचं एखादं वर्कशॉप जरूर करा, जरी तुम्हाला लिहिलेल्या स्क्रिप्टवरच काम करायचं असलं तरी. यातले बरेचसे खेळ मुळात व्हायोला स्पोलिन या बाईंनी मुलांबरोबर काम करताना बनवले, पुढे त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या सेकंड सिटी या कॉमेडी थिएटरच्या संस्थापकांपैकी एक होता, आणि तिथून हे खेळ नटांमध्ये जगभर पसरले. "हो, आणि" हा नियम तुम्ही ऐकला असेलच, समोरच्याने मांडलेलं मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. त्याचा अर्थ गोड गोड होकार देत राहणं असा घेऊ नका. समोरच्याने म्हटलं की आपण लिफ्टमध्ये अडकलोय तर आता आपण लिफ्टमध्ये आहोत, तुम्ही त्याच्याशी कडाकडा भांडू शकता पण लिफ्टमध्येच. स्क्रिप्टवाल्या नटाला हे उपयोगी पडतं ते दाराचं हँडल निघून हातात आलं की, त्याच्याबद्दल पुढे बोलूच.

पायरी ३: स्क्रिप्ट हातात आली की

आपली वाक्यं पिवळ्या मार्करने रंगवून टाकायची सवय सोडा. कॉमेडीत तुमचं वाक्य हे बहुतेक वेळा कोणाच्या तरी वाक्याचा दुसरा भाग असतं, नाहीतर कोणाच्या तरी पंचचा, म्हणजे हशा आणणाऱ्या शब्दाचा, सेटअप म्हणजे आधीची तयारी असतं. म्हणून स्क्रिप्ट घेऊन बसा आणि प्रत्येक हशाच्या जागेपासून उलटं मागे जा: हा हशा यायला प्रेक्षकाला नेमकं काय माहीत असायला हवं? एखादं नाव, एखादं नातं, एखादा आकडा. ते आधी कोणी सांगितलंय? त्या जागेवर खूण करा. ते वाक्य तुमचं असेल तर ती तुमची सगळ्यात मोठी जबाबदारी, तिथे हशा नाहीये तरीसुद्धा. तो शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला नाही तर तीन पानांनंतर तुमचा जोडीदार पंच मारेल आणि समोर शांतता असेल, आणि सगळे म्हणतील त्याचं टायमिंग गेलं आज. टायमिंग त्याचं ठीक होतं, शब्द तुम्ही खाल्लेला.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास एक गोष्ट, कारण टायमिंगबद्दल जे सगळीकडे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजी वाक्यं डोक्यात ठेवून लिहिलेलं असतं. पंचचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा म्हणतात. ठीक आहे, पण आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद बसलेलं असतं. समजा वाक्य आहे, "काका गेले, आणि जाताना पासवर्ड घेऊन गेले." हसू येणार "पासवर्ड"वर, पण अजून "घेऊन गेले" शिल्लक आहे. नवीन नट काय करतो, तर "पासवर्ड" पटकन म्हणून टाकतो आणि जोर देतो शेवटच्या "गेले"वर, कारण वाक्य तिथे संपतंय. हशा अर्धा होतो. त्यावर तीन उपाय आहेत. "पासवर्ड"च्या आधी अगदी बारीक थांबा, तो शब्द स्वच्छ ठेवा आणि पुढचं एका दमात, न लांबवता पूर्ण करा, हे सगळ्यात जास्त वेळा चालतं. किंवा लेखकाला विचारून वाक्य फिरवून घ्या: "काका गेले. जाताना सोबत काय नेलं? पासवर्ड." किंवा क्रियापद गाळून बघा. पण लेखकाला न विचारता शोमध्ये परस्पर बदलायचं नाही, कारण पुढच्याचा क्यू त्या "गेले"वर असू शकतो आणि तो बिचारा वाट बघत उभा राहील.

आणि तिनाचा खेळ. पहिल्या दोन गोष्टी एकसारख्या आणि तिसरी वाकडी, ही रचना प्रत्येक स्किटमध्ये कुठेतरी सापडेल. यात पहिल्या दोन गोष्टी अगदी एकाच सुरात, एकाच लयीत म्हणाव्या लागतात, तरच तिसरी वाकडी वाटते. दुसरीलाच रंगवायला गेलात की तिसरीला करायला काही उरत नाही.

पाठांतर पक्कं म्हणजे किती पक्कं, तर भांडी घासताना, जिना चढताना, कोणीतरी मधेच हाक मारली तरी न अडखळता येईल इतकं. डोकं वाक्य शोधण्यात गुंतलेलं असेल तर कान बंद असतात, आणि कॉमेडी सगळी कानावर चालते.

पायरी ४: तालीम

पहिल्या वाचनाला सगळे लोळून हसतात, आठवड्याभराने तालमीच्या खोलीत कोणीही हसत नाही. हे असंच असतं, घाबरायचं नाही. याच काळात नवीन लोक चलबिचल होतात आणि वाक्यं बदलायला लागतात, ॲडिशन म्हणजे स्क्रिप्टमध्ये नसलेली वाक्यं घ्यायला लागतात, चेहरे करायला लागतात, कारण त्यांना खोलीतल्या चार लोकांना परत हसवायचं असतं. त्या चार लोकांना जोक पाठ झालाय. ते काही तुमचे प्रेक्षक नव्हेत. या दिवसांत काम एवढंच की जागा पक्क्या करा, हातातली वस्तू कुठल्या शब्दावर उचलायची ते पक्कं करा, आणि आठवड्यातून एकदा नुसती वाक्यं झरझर, अभिनय न करता म्हणायची तालीम करा, त्यात कुठे कोण अडकतंय ते लगेच कळतं.

ॲडिशनचा नियम माझा असा आहे की तालमीत सुचली तर तालमीत करून दाखवा, दिग्दर्शकाने ठेवली तर ठेवली. शोमध्ये पहिल्यांदा करायची नाही. करणारे करतात, त्यांना हशे पण येतात, आणि मग त्यांच्यासोबत काम करायला कोणी तयार होत नाही ही पुढची गोष्ट त्यांना दोन वर्षांनी कळते.

मारामारी, थप्पड, पडणं. हे हलक्यात घेऊ नका. मारामारी-पडापडीच्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात ना, त्या नावाची खरोखरची वस्तू होती, इटलीच्या जुन्या कोमेदिया देल'आर्ते या विनोदी नाट्यप्रकारातल्या नटांच्या हातात दोन लाकडी पट्ट्या जोडलेली काठी असायची, ती हलकी मारली तरी पट्ट्या एकमेकांवर आपटून मोठा फटका वाजायचा. म्हणजे आवाज मोठा आणि मार छोटा, ही अक्कल तेव्हापासून आहे, तरी आजही कोणीतरी "खरी मार, खरी मार, मला चालतं" म्हणतंच. नाही चालत. थप्पड चेहऱ्यापासून लांबून जाते आणि आवाज दुसराच कुठेतरी, हाताच्या टाळीने नाहीतर छातीवर थाप मारून काढतात. केस ओढायचे असतील तर ओढणाऱ्याची मूठ डोक्यावर नुसती टेकलेली असते, आणि ज्याचे केस ओढले जातायत तो त्याचं मनगट धरून स्वतःच सगळी हालचाल करतो. सूत्र हेच, मार खाणाऱ्याच्या हातात सगळं नियंत्रण. आणि ज्या दिवशी शो त्या दिवशी मारामारीचा भाग हळू वेगात एकदा करून घ्यायचा, कितवाही प्रयोग असो.

पायरी ५: शोच्या दिवशी

कॉल टाईम म्हणजे तुम्ही तयार उभे असण्याची वेळ. पोचण्याची नव्हे.

आल्यावर पहिलं काम, आपल्या वस्तू स्वतः बघायच्या. कोणीतरी ठेवलं असेल यावर विश्वास टाकू नका, तुम्हाला जे पत्र खिशातून काढायचंय ते खिशात आहे का हे तुमच्या हाताने तपासा. दुसरं, शेवटच्या रांगेत कोणालातरी बसवून दोन वाक्यं बोलून बघा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, माणसं भरली की त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात, तेव्हा थोडा जास्तच धरा.

छोट्या जागांचं गणित वेगळं असतं. कुठलातरी शो आधी संपतो, कुठलातरी तुमच्यानंतर असतो, मधे काही मिनिटं मिळतात. एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात हे टोकाला गेलेलं दिसतं (१९४७ मध्ये आठ नाट्यमंडळ्या मूळ महोत्सवाचं आमंत्रण नसताना येऊन शेजारी प्रयोग करून गेल्या, त्यातून तो सुरू झाला), एकाच खोलीत दिवसभर एकामागून एक शो. अशा ठिकाणी सगळं नेपथ्य दोन माणसं एका खेपेत उचलून नेतील एवढंच ठेवा. पाच मिनिटांत लागेल आणि तीन मिनिटांत निघेल, याची सुद्धा घड्याळ लावून तालीम करा, मजाक नाही करत आहे.

आता खुर्च्या. हे नटाचं काम वाटत नाही पण छोट्या शोमध्ये आहे. सत्तर खुर्च्या आणि पंचवीस माणसं असतील तर ती पंचवीस माणसं सगळीकडे विखरून बसतील, प्रत्येक जण दोन खुर्च्या सोडून. अशा खोलीत हशा येत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने हसण्याचा अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की माणूस एकटा असण्यापेक्षा सोबतीत सुमारे तीसपट जास्त हसतो, आणि रोजच्या बोलण्यातलं बहुतेक हसणं जोकवर नसतंच, साध्या वाक्यांवर असतं. म्हणजे शेजारी माणूस असणं हेच निम्मं काम. तेव्हा लोक आत यायच्या आधी मागच्या दोन रांगा काढून टाका, नाहीतर दोरी लावा, आणि दारावरच्या माणसाला सांगा की सगळ्यांना पुढे, एकमेकांना खेटून बसव. आल्यावर उठवून पुढे बोलावलं तर लोक रुसतात.

आणि अभिनय लहान करा. पहिली रांग तुमच्यापासून दोन हातांवर आहे, तिला तुमच्या भुवया दिसतायत. आवाज शेवटच्या रांगेसाठी, चेहरा पहिल्या रांगेसाठी, ही सवय लागायला वेळ लागतो. विंगेत उभं असताना पण तुम्ही कोपऱ्यातून कोणालातरी दिसत असताच, तेव्हा तिथे केस नीट करू नका.

पायरी ६: हशा आला की काय करायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे शिकायला खऱ्या प्रेक्षकांशिवाय दुसरी जागा नाही.

हशा लाटेसारखा येतो, चढतो, माथ्यावर जातो, उतरतो. माथ्यावर असताना बोललात तर तुमचं वाक्य वाया जातं आणि वर लोकांना कळतं की आपण हसल्यामुळे काहीतरी ऐकायचं राहिलं, मग पुढच्या वेळी ते हसू आवरतात. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर सगळं थंड पडतं आणि परत पहिल्यापासून गाडी ढकलावी लागते. उतरायला लागला, पाव-एक उरला, की पुढचं वाक्य टाकायचं, पहिला शब्द थोडा मोठा. पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला काही महत्त्वाचं असेल तर लेखकाकडून आधी एखादा फालतू शब्द घालून घ्या, "अहो", "बरं", "ऐका", तो बुडाला तरी हरकत नाही.

थांबलात तेव्हा पुतळा होऊ नका. तुमच्या पात्राला त्या क्षणी जे वाटतंय ते चालू ठेवा, राग आलाय तर राग, शरम वाटतेय तर शरम. बहुतेक वेळा त्या थांबलेल्या चेहऱ्यावर दुसरा हशा येतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो.

दुसऱ्याच्या पंचवर हलायचं नाही. मुळीच नाही. प्रेक्षकांचे डोळे हालचालीकडे जातात, ऐन शब्दावर तुम्ही नाक खाजवलंत तर हशा गेला. हे मुद्दाम करणारे पण असतात, लाफ्टर खाणं म्हणतात त्याला, आणि विंगेतल्या प्रत्येकाला ते दिसत असतं. उलटं पण शिका: जोडीदाराचा पंच यायच्या आधी तुम्ही त्याच्याकडे बघायला लागलात तर सगळी खोली त्याच्याकडे बघते. वाक्य न बोलता तुम्ही त्याला हशा दिलात. परत बोलावलं जाणारे नट हे करतात.

स्वतः हसू फुटणं. एखाद्या दिवशी खरंच फुटलं तर लोकांना आवडतं, कारण त्यांना काहीतरी फक्त आजचं मिळालं. म्हणून काही जण रोज त्याच जागेवर हसू फुटल्याचं नाटक करतात. दोनदा आलेला प्रेक्षक ते ओळखतो आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. माझं मत, नको.

पायरी ७: हशा आला नाही की

काल ज्या वाक्यावर घर डोक्यावर घेतलं होतं तिथे आज काहीच नाही. पहिली गोष्ट, तिथे थांबू नका. कालच्या हशासाठी जागा सोडून उभे राहिलात तर प्रेक्षकांना वाटतं आपण हसायला हवं होतं, आणि तो संकोच पुढच्या दहा मिनिटांना पुरतो. जणू ते वाक्य विनोदी नव्हतंच असं पुढे जा. आवाज वाढवू नका, हातवारे वाढवू नका, उलट थोडा वेग घ्या आणि जोडीदाराचं जास्त ऐका.

"हा जोक कळला नाही वाटतं" असलं काही स्किटमध्ये म्हणायचं नाही. स्टँडअपवाला म्हणू शकतो, तो स्वतः म्हणून उभा आहे. तुम्ही कोणीतरी पात्र आहात, पात्राला कुठे माहीत असतं की जोक चाललाय.

बारा-पंधराच लोक आले तर एक लक्षात ठेवा, थोड्या लोकांत प्रत्येकाला स्वतःचं हसू ऐकू येतं म्हणून ते दबून हसतात, काही जण नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसतात आणि बाहेर आल्यावर म्हणतात खूप मजा आली. खरंच आलेली असते. आणि न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढू नका, "आज फारच कमी लोक आहेत" असं स्टेजवरून म्हणणं म्हणजे ज्यांनी तिकीट काढलं त्यांनाच ऐकवणं झालं.

पायरी ८: काहीतरी बिघडतंच

दाराचं हँडल हातात आलं. प्रेक्षकांनी बघितलं का? बघितलं असेल तर पात्राने पण बघितलंच पाहिजे, नाहीतर लोक पुढची पाच मिनिटं त्या हँडलकडेच बघत बसतील. एकच वाक्य, पात्राच्या तोंडून, आणि पुढे चला. त्यावर तीन वाक्यं मारायचा मोह होतो, कारण हशा येतो, आणि मग मूळ सीन कुठे होता हे कोणालाच आठवत नाही. बघितलं नसेल तर काही झालंच नाही.

जोडीदार ब्लँक झाला तर त्याला त्याचं वाक्य सांगू नका, पात्र म्हणून प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्याचं वाक्य आहे. "मग? डॉक्टर काय म्हणाले?" यासाठीच दुसऱ्यांची वाक्यं पाठ हवीत. तुम्ही स्वतः ब्लँक झालात तर हातात जी वस्तू आहे ती खाली ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, श्वास घ्या. नुसता फंबल झाला, शब्द उलटापालटा झाला, तर सॉरी म्हणू नका, परत म्हणण्याची गरज तेव्हाच जेव्हा तो शब्द पुढच्या कुठल्यातरी पंचला लागणार आहे.

प्रेक्षकांतून कोणी बोलायला लागलं तर पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं करा, दुसऱ्यांदा पात्र म्हणून एक नजर, तिसऱ्यांदा ते काम शो चालवणाऱ्यांचं. आणि कोणी खरोखर घसरून पडलं, लागलं, तर शो थांबवा, लाईट लावायला सांगा. "द शो मस्ट गो ऑन" वगैरे तेव्हा नको.

पायरी ९: पैशांचं आधी बोला

लोक इथेच लाजतात. हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न असे: नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, ठरलेली आहे की तिकिटांतला वाटा? तालमीचे काही मिळणार का? प्रवास कोणाचा? कपडे कोण देणार? शो रद्द झाला तर काय, आणि किती दिवस आधी रद्द झाला तर काय? शोचं शूटिंग करून टाकणार का, आणि टाकलं तर त्याचं वेगळं काही?

वाटा म्हणाले तर पुढचा प्रश्न, कशातला वाटा. जागेचं भाडं, लाईट-साऊंडवाल्या माणसाचे पैसे, जाहिरात, तिकिटं विकणाऱ्याचं कमिशन हे सगळं आधी जातं आणि मग जे उरतं ते वाटतात, आणि छोट्या शोमध्ये ते उरतं म्हणजे बरेचदा उरत नाही. हे कोणाची लबाडी असतेच असं नाही, जागाच लहान आहे, सगळ्या खुर्च्या भरल्या तरी आकडा लहानच. शिकायला म्हणून असे शो करा, मीही म्हणेन करा, पण वर्षाला किती ते आधी ठरवा आणि बाकीच्यांना पैसे मिळतायत आणि फक्त तुम्हालाच अनुभव मिळतोय असं तर नाही ना, हे बघा.

बोलणं झालं की त्याच दिवशी एक मेसेज टाका, साध्या भाषेत, आपलं असं असं ठरलं, तारखा या, पैसे एवढे, शोनंतर इतक्या दिवसांत. करार नसला तरी मेसेज असतो. कोणी याने दुखावलं गेलं तर तीही एक माहितीच आहे.

तारखांची एकच डायरी ठेवा, फोनमध्ये, आणि "बघतो" म्हणून कोणाला लटकवू नका. मोठं काम आलं म्हणून छोटा शो सोडायची वेळ येतेच, सगळ्यांवर येते. सोडताना लगेच सांगा, खरं कारण सांगा, आणि तुमचा रोल कोणाला जमेल त्याचं नाव सुचवा, जमलं तर त्याला एक तालीम द्या. आजारपणाची थाप मारू नका, कारण तुमच्या मोठ्या कामाचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आलेला असतो.

पायरी १०: आवाज, अंग, दिवसाची नोकरी

यातून बहुतेकांचं घर चालत नाही, दिवसाचं काहीतरी काम असतंच. संध्याकाळ मोकळी असलेलं आणि दिवसभर ओरडावं न लागणारं काम बघा. आवाज शोमध्ये कमी आणि शोनंतरच्या गप्पांत जास्त जातो, गोंगाटाच्या ठिकाणी तासभर ओरडून बोललात की दुसऱ्या दिवशी घसा बसलाच. बसला तर कुजबुजत बोलू नका, त्याने घशावर ताणच येतो, सरळ गप्प बसा. सारखं खाकरू नका, पाण्याचा घोट घ्या. गुडघ्यावर पडायचं असेल तर पँटच्या आत पॅड, यात शूरपणा दाखवण्यासारखं काही नाही.

पायरी ११: शो झाल्यावर

फोनवर शोचा नुसता आवाज रेकॉर्ड करा, सगळ्यांना सांगून. व्हिडिओत तुम्ही स्वतःचे केस बघत बसता. ऐकताना स्क्रिप्टवर खुणा करा, कुठे मोठा हशा, कुठे छोटा, कुठे काही नाही. मार्क्स ब्रदर्स या अमेरिकन विनोदी नट भावांनी त्यांच्या १९३५ च्या सिनेमातले प्रवेश शूटिंगच्या आधी थिएटरांत प्रेक्षकांसमोर करून बघितले होते, जे चाललं नाही ते बदललं आणि हशासाठी किती जागा सोडायची ते ठरवून घेतलं. त्यांना याची गरज वाटली तर आपल्याला वाटायला हरकत नाही. एका शोवरून काही ठरवू नका, चार-पाच शोंच्या खुणा शेजारी ठेवल्या की दिसतं कुठलं वाक्य नेहमीच पडतं आणि कुठलं फक्त त्या एका दिवशी पडलं होतं.

आणि शोची लांबी लिहून ठेवा, दर वेळी. पहिल्या काही प्रयोगांनंतर शो हळूहळू फुगत जातो, कोणी एक पॉझ वाढवतो, कोणी एक "अरे बापरे" घालतो, प्रत्येकाला वाटतं माझं तर एवढंसंच आहे. बावन्न मिनिटांचा शो एकोणसाठ झाला आणि हशे तेवढेच असतील, तर ती सात मिनिटं रेकॉर्डिंगमध्ये सापडतात, नावानिशी. पुढच्या शोला सगळ्यांनी अर्धा तास आधी यायचं, मूळ स्क्रिप्ट उघडायची आणि एकदा शब्दाला शब्द वाचून काढायची.